सागरी राखीव क्षेत्रांची निवड आणि प्रतवारी

कोकणातील शेतकऱ्याला जमिनीची प्रतवारी शिकवावी लागत नाही. मळ्याची जमीन कोणती, वरकस कोणती, खार कोणती आणि नुसता कातळ कोठे आहे, हे तो पाहताक्षणी सांगू शकतो. मळ्यात तो भात लावतो, वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतो, कातळावर पावसाळ्यात गुरे सोडतो आणि बियाण्यासाठी बाजूस काढलेल्या दाण्याला टंचाईच्या दिवसांतही हात लावीत नाही. गावच्या देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा नियमही त्याच शहाणपणातून आलेला आहे.

समुद्राच्या बाबतीत मात्र हे शहाणपण अद्याप पुरतेपणी रुजलेले नाही. किनाऱ्यावरून पाहिले असता समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. त्याच्या पोटात मळा कोठे आहे, कातळ कोठे आहे आणि बियाण्याची कणगी कोठे आहे, हे वरून कळत नाही. ही कणगी नकळत रिकामी झाली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर घडले आहे. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी चपटी शेवंड पूर्वी चांगल्या प्रमाणात मिळत असे. १९८२ मध्ये तिचे उत्पादन सुमारे ३७५ टन होते. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत अंडी धरलेल्या माद्याही मोठ्या संख्येने पकडल्या जात राहिल्या आणि १९९४ पर्यंत हे उत्पादन अवघ्या दोन-तीन टनांवर आले. पुढे हा व्यवसाय संपल्यातच जमा झाला. बियाणे खाऊन टाकल्यावर पेरणीस काही उरत नाही, हा शेतीतील नियम समुद्रासही तितकाच लागू आहे.

म्हणूनच समुद्राच्या कोणत्या भागाला प्रथम संरक्षण द्यावयाचे, हे ठरविण्याचे एक शास्त्र गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. त्याची दोन अंगे आहेत. पहिले अंग निवडीचे, म्हणजे महत्त्वाची क्षेत्रे ओळखण्याचे. आणि दुसरे प्रतवारीचे, म्हणजे ओळखलेल्या क्षेत्रात काय करू द्यावयाचे व काय नाही, हे ठरविण्याचे. या दोन अंगांची गल्लत झाली म्हणजे ‘राखीव’ याचा अर्थ ‘बंद’ असा होऊन बसतो आणि मच्छीमारांच्या मनात साहजिकच भीती निर्माण होते. ही भीती अनाठायी केव्हा असते आणि रास्त केव्हा असते, हे समजण्यासाठी दोन्ही अंगे नीट पाहणे अगत्याचे आहे.

समुद्र सगळीकडे सारखा नसतो

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागून असलेल्या समुद्राचे निरनिराळे प्रकार पडतात. नद्यांच्या मुखाशी खाड्या असून त्यांच्या काठाने तिवर, चिपी इत्यादींची कांदळवने आहेत. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्या आहेत. त्यांवर किडे, कालवे व शिंपल्या वाढतात आणि स्थलांतर करणारे पक्षी उतरतात. वाळूच्या पुळणी आहेत, लाटांनी झिजलेली खडपे आहेत, काही थोड्या ठिकाणी प्रवाळ आहेत आणि त्यापलीकडे गाळाचा सपाट तळ दूरवर पसरलेला आहे.

हे सर्व भाग परस्परांपासून वेगळे दिसले तरी एकमेकांवर अवलंबून असतात. कोळंबीचे जीवनचक्र पाहिले म्हणजे हे लक्षात येते. व्यापारी महत्त्वाच्या अनेक जातींची कोळंबी खुल्या समुद्रात अंडी घालते. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म जीव भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनांच्या मुळ्यांच्या आडोशाने काही महिने वाढतात आणि पुरेशी वाढ झाल्यावर पुन्हा समुद्राकडे परततात. जाळे पडते समुद्रात. परंतु त्या जाळ्यात येणाऱ्या कोळंबीची रोपवाटिका असते खाडीत. खाडीतील कांदळवन तोडले, खाडीत कारखान्याचे सांडपाणी सोडले अथवा भातशेतीवरील कीटकनाशक वाहून तेथे गेले, तर त्याचा परिणाम कित्येक मैलांवर मासेमारी करणाऱ्या नौकेला भोगावा लागतो. क्षेत्रांची निवड करताना केवळ मासे कोठे सापडतात एवढेच पाहून भागत नाही. ते जन्मतात कोठे, वाढतात कोठे आणि कोणत्या वाटेने जातात, हेही पाहावे लागते.

कासवाचा प्रवास तर याहूनही मोठा असतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये जिच्या अंगावर खूण बांधली होती, अशी ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. एका राज्याने आपली पुळण राखली आणि दुसऱ्याने राखली नाही, तर अशा प्राण्याचे संरक्षण अर्धवटच राहते.

निवडीच्या सात कसोट्या

जैवविविधतेसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सभासद राष्ट्रांनी २००८ मध्ये जर्मनीतील बॉन येथील बैठकीत सागरी क्षेत्रांच्या निवडीसाठी सात कसोट्या मान्य केल्या. त्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली कसोटी वैशिष्ट्याची वा दुर्मिळतेची. जे अन्यत्र नाही अथवा फार थोड्या ठिकाणी आहे, त्याला अग्रक्रम. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक ठिकाणी गढूळ असल्यामुळे येथे प्रवाळ क्वचितच आढळतात. म्हणून जेथे ते आहेत ते ठिकाण या कसोटीस उतरते.

दुसरी कसोटी जीवनचक्रातील महत्त्वाची. अंडी घालण्याची, पिले वाढण्याची, विसाव्याची व स्थलांतराच्या वाटेवरील ठिकाणे या कसोटीत बसतात. मंडणगड तालुक्यातील वेळास, दापोली तालुक्यातील आंजर्ले इत्यादी गावांच्या पुळणी हे याचे उत्तम उदाहरण होय. हिवाळ्यात कासवे तेथे अंडी घालण्यासाठी येतात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात आणि साधारणतः दीड ते दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. तेवढ्या काळापुरती ती चिंचोळी पुळण शेकडो चौरस किलोमीटर खुल्या समुद्राइतकी मोलाची असते.

तिसरी कसोटी संकटग्रस्त जातींची. ज्या प्राण्यांची संख्या घटत चालली आहे, त्यांचा अधिवास या कसोटीने ओळखला जातो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ वावरणारे कुबडवाले डॉल्फिन या वर्गात येतात.

चौथी कसोटी नाजूकपणाची. एकदा बिघडल्यावर जे सावकाश भरून येते अथवा भरूनच येत नाही, ते अधिक जपावे लागते. दगडासारख्या भरीव प्रवाळाची वाढ वर्षाकाठी साधारणपणे सेंटिमीटरभरच होते. नौकेच्या नांगराने एका क्षणात मोडलेला प्रवाळ पूर्वीइतका होण्यास माणसाचा जन्म अपुरा पडू शकतो. शिवाय उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे अधिक तापले, तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी जगातील अनेक समुद्रांत असे घडले. ज्यावर उष्णतेचा आघात होतच आहे, त्यावर नांगराचा आणि गाळाचा आघात तरी होऊ नये, इतके माणसाच्या हाती आहे.

पाचवी कसोटी उत्पादकतेची, म्हणजे जेथे पाणी सकस असून सूक्ष्म वनस्पतींपासून मोठ्या माशांपर्यंत सर्वांची वाढ भरपूर होते, अशा क्षेत्रांची. सहावी कसोटी विविधतेची, म्हणजे जेथे थोड्या जागेत पुष्कळ प्रकारचे जीव एकत्र नांदतात, अशा क्षेत्रांची. सातवी कसोटी नैसर्गिकतेची. मानवी व्यवहाराचा उपसर्ग जेथे कमी पोचला आहे, ती ठिकाणे मूळची स्थिती कशी होती हे समजण्यास उपयोगी पडतात.

येथे एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावयाची आहे. या सातही कसोट्या शास्त्रीय ओळखीपुरत्या आहेत. एखादे क्षेत्र त्यांना उतरले म्हणजे तेथे आपोआप बंदी येते, असा त्यांचा अर्थ नाही. मातीची तपासणी झाली म्हणजे पीक ठरत नाही. तपासणीचा कागद हाती आल्यानंतर शेतकरी पीक ठरवितो. तसेच हे आहे.

भारतात अशा प्रकारची ओळख करण्याचे काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने केले असून देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर महत्त्वाची १०६ क्षेत्रे निश्चित केली आहेत. त्यांपैकी ६२ पश्चिम किनाऱ्यावर आणि ४४ पूर्व किनाऱ्यावर आहेत. केंद्र सरकारच्या २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांमध्ये महाराष्ट्रातील मालवण आणि आचरा-रत्नागिरी या भागांचा समावेश करण्यात आला. अशा क्षेत्रांचे व्यवस्थापन तेथील मच्छीमारांसह किनारी लोकांच्या सहभागाने व्हावे, असे त्या अधिसूचनेत सांगितले आहे.

पाहणी आणि नकाशा

कसोट्या कागदावर सोप्या दिसतात; परंतु त्या प्रत्यक्ष समुद्रास लावण्यासाठी चार प्रकारची माहिती गोळा करावी लागते. पहिली तळाची: खडप कोठे, वाळू कोठे, गाळ कोठे, पाणी किती वाव खोल. ही माहिती उपग्रहाची चित्रे, ध्वनिलहरींनी खोली मोजणारी यंत्रे आणि पाणबुडे यांच्या साहाय्याने मिळते. दुसरी जीवांची: कोणती जात कोठे, कोणत्या महिन्यात व कोणत्या अवस्थेत आढळते. तिसरी वापराची: कोणते जाळे कोठे पडते, त्यावर किती कुटुंबे अवलंबून आहेत, पर्यटकांच्या नौका कोठून जातात. चौथी धोक्याची: बंदरांची कामे, सांडपाणी, वाळूउपसा, नांगर टाकण्याच्या जागा.

ही माहिती नकाशावर घालून समुद्राचे सारख्या आकाराचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन प्रत्येक कसोटीवर तपासतात. त्यानंतर केवळ सर्वांत अधिक गुणांचे चौकोन उचलले जात नाहीत. तसे केले तर सगळी निवड एकाच प्रकारच्या तळावर पडून खाडी, पुळण व गाळाचा तळ वगळले जाण्याचा संभव असतो. म्हणून तीन पथ्ये पाळतात. प्रत्येक प्रकारच्या अधिवासाचा काही वाटा निवडीत आला पाहिजे. निवडलेली क्षेत्रे जीवांच्या ये-जा करण्याच्या वाटांनी परस्परांशी जोडलेली असली पाहिजेत. आणि हे सर्व साधताना लोकांच्या उपजीविकेस कमीत कमी तोशीस पोचली पाहिजे. समजा, दोन चौकोनांचे शास्त्रीय मोल सारखेच आहे. परंतु एकावर गावाची रापण चालते आणि दुसऱ्यावर कोणाचीच जाळी पडत नाहीत. अशा वेळी दुसरा चौकोन निवडावा, हे उघड आहे. पण रापण कोठे चालते, हे नकाशा करणाऱ्याला ठाऊक असेल तरच!

ही माहिती कोणत्याही यंत्राने मिळत नाही. मालवणी मच्छीमार डोंगराचे टोक, देवळाचा कळस आणि माडांची रांग यांच्या खुणा जुळवून पाण्याखालचे खडप अचूक शोधतो. अंडी धरलेली मासळी कोणत्या महिन्यात कोठे लागते, पाण्याचा रंग केव्हा पालटतो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ज्ञात असते. पाहणी करणाऱ्यांनी ही माहिती मागितली नाही, अथवा भीतीपोटी मच्छीमाराने ती दिली नाही, तर नकाशात नेमकी महत्त्वाची जागा कोरी राहते. यात दोघांचेही नुकसान आहे.

प्रतवारी: सर्वत्र बंदी नव्हे

निवड झाल्यानंतर प्रतवारीचा प्रश्न येतो. या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट बॅरिअर रीफ या विस्तीर्ण प्रवाळक्षेत्राचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील सागरी उद्यान सुमारे ३,४४,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्र राज्याहूनही मोठे आहे. २००४ पूर्वी त्याच्या पाच टक्क्यांहून कमी भागात मासेमारीस पूर्ण मनाई होती. त्या वर्षी नवी आखणी झाली. तळाचे ७० प्रकार धरून प्रत्येकाचा किमान पाचवा हिस्सा राखावयाचा, असा नियम करण्यात आला आणि मनाईचा भाग सुमारे एक तृतीयांशावर गेला. तरीही उरलेले दोन तृतीयांश क्षेत्र निरनिराळ्या नियमांखाली खुलेच राहिले. नकाशावर रंगांनी भाग पाडलेले आहेत: गुलाबी पट्ट्यात परवान्यावाचून प्रवेशच नाही, हिरव्या पट्ट्यात जाता येते पण मासे पकडता येत नाहीत, पिवळ्या पट्ट्यात मर्यादित साधनांनी मासेमारी करता येते, गडद निळ्यात तळ खरवडणारी जाळी सोडून इतर बहुतेक साधने चालतात, आणि फिक्या निळ्यात सर्वसाधारण वापर होतो.

याचे सार असे की, प्रतवारी म्हणजे ‘बंद’ किंवा ‘खुले’ अशी दोनच खणांची वाटणी नव्हे. साधारणपणे चार प्रती कल्पिता येतात. पहिली, कायमची राखण: प्रवाळ आणि अंडी घालण्याची मोजकी ठिकाणे. दुसरी, हंगामी राखण: विणीच्या महिन्यांपुरती मनाई. तिसरी, साधनांवर निर्बंध: मासेमारी चालेल, पण विशिष्ट जाळ्यांनी वा विशिष्ट आसाच्या जाळ्यांनी. चौथी, सर्वसाधारण वापर. देवराई, चराईबंदीचे कुरण, पाळीपाळीने वापरावयाचे रान आणि नित्याचे शेत, अशी ही चार प्रकारची व्यवस्था गावाला नवी नाही.

भारतातील निरनिराळ्या कायद्यांत या प्रतींना जागा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये घोषित होतात. कच्छच्या आखातात १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले ते याच कायद्यान्वये. आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये घोषित झालेले ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे सुमारे १,६९० हेक्टरांचे अभयारण्यही याच कायद्याखालील होय. कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या व कासवांच्या विणीच्या जागा यांना किनारा नियमन अधिसूचनेने सर्वांत कडक वर्गात घातले आहे. हंगामाचे व जाळ्यांचे नियम मात्र मासेमारीच्या कायद्यांतून, महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातून, येतात. पावसाळ्यातील यांत्रिक नौकांची बंदी ही दुसऱ्या प्रतीची, तर २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस केलेली मनाई ही तिसऱ्या प्रतीची व्यवस्था समजावी.

मालवणचा धडा

प्रतवारी चुकली म्हणजे काय घडते, हे मालवणच्या उदाहरणावरून समजते. १९८७ मध्ये मालवण येथे महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे ३ चौरस किलोमीटर गाभा आणि सुमारे २६ चौरस किलोमीटर बाहेरील क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व भोवतालची खडपे गाभ्यात येतात. प्रवाळ, समुद्रशेवाळाचे दाट पट्टे, शिंपल्या व नाना प्रकारचे मासे या थोड्या जागेत एकवटलेले असल्यामुळे निवडीच्या कसोट्यांवर हे क्षेत्र निःसंशय उतरते. निवड चुकली नव्हती.

अडचण प्रतवारीत आली. याच पाण्यात मालवणच्या रापणकरांचा पिढीजात व्यवसाय आहे, येथेच बंदर आहे आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही गाभ्याच्या पाण्यातूनच ये-जा करतात. अभयारण्याच्या कायद्यातील साधारण नियम जंगल डोळ्यांपुढे ठेवून केलेले. ते जसेच्या तसे पाण्याला लागू झाले तर पोट कसे भरावयाचे, हा मच्छीमारांचा प्रश्न होता. त्यांनी विरोध केला आणि तो दीर्घ काळ टिकला. परिणाम असा झाला की, सीमा नकाशावर राहिली. परंतु तिच्या आत प्रवाळाला जे दैनंदिन संरक्षण मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. पुढे पाण्याखालची सृष्टी पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढली आणि नौकांचे नांगर व पर्यटकांचे पाय प्रवाळावर पडू लागले. मच्छीमाराला भीती राहिली आणि प्रवाळालाही अभय मिळाले नाही.

कायद्याने या अनुभवाची दिशा पुढे ओळखलेली दिसते. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अभयारण्यात प्रादेशिक समुद्राचा समावेश करावयाचा असल्यास त्याची सीमा नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्यासाठी पुरेशी उपाययोजना केल्यानंतरच ठरविली पाहिजे. हे कलम मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी आले. नव्या कोणत्याही सागरी अभयारण्याची चर्चा निघाल्यास मच्छीमारांनी या तरतुदीची आठवण अवश्य ठेवावी. ती त्यांच्याच हितासाठी आहे.

प्रतवारी योग्य असेल तर लोक ती स्वीकारतात, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठी २०११ पासून राबविलेल्या जैवविविधता प्रकल्पात ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस लावण्याचा प्रसार करण्यात आला. नेहमीचे शंकरपाळ्याच्या आकाराचे आस जाळे ओढताना ताणले जाऊन मिटतात आणि लहान पिलेही आत अडकतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडे राहतात. त्यांतून पिले निसटून जातात. यात नौका बंद पडत नाही, फक्त बियाणे वाचते. तिसऱ्या प्रतीचा हा उपाय विस्तीर्ण बाह्य क्षेत्राला योग्य आहे. तर प्रवाळांच्या मोजक्या खडपांवर नांगराऐवजी कायम तरंगणारे बोये बांधणे आणि तेथे जाळे न टाकणे, हा पहिल्या प्रतीचा उपाय योग्य आहे. दोहोंना एकच नियम लावण्याचे कारण नाही.

किनाऱ्यापासून दूर

राखण्याजोगी काही ठिकाणे किनाऱ्यावरून दिसतही नाहीत. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर समुद्राचा तळ एकाएकी उंचावलेला आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब व १५ किलोमीटर रुंद अशा या पाण्याखालील पठारास सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून आंग्रिया बँक असे नाव पडले आहे. त्याचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागापासून अवघा वीस मीटर खोल आहे. किनाऱ्यावरील नद्यांचा गाळ तेथवर पोचत नसल्यामुळे पाणी स्वच्छ असते आणि प्रवाळांची वाढ चांगली होते. दुर्मिळता, विविधता, नाजूकपणा आणि नैसर्गिकता या चारही कसोट्यांवर हे स्थान उतरते.

परंतु येथे अधिकाराचा प्रश्न आहे. राज्याचा मासेमारी कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच चालतो. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात या पट्ट्यातील एखादा भाग ‘नियुक्त क्षेत्र’ म्हणून जाहीर करून तेथील संपत्तीच्या रक्षणासाठी नियम करण्याची तरतूद आहे. निवडीची शास्त्रीय कसोटी एकच असली तरी तिच्या अंमलबजावणीचे दार प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, हे यावरून ध्यानात यावे.

किनाऱ्यावरील लोकांनी काय करावे

निवड व प्रतवारी हे काम केवळ शास्त्रज्ञांचे व अधिकाऱ्यांचे आहे, असे समजून स्वस्थ बसणे हिताचे नाही. पुढील गोष्टी प्रत्येक किनारी गावास सहज करता येण्यासारख्या आहेत.

मच्छीमार सहकारी संस्थांनी एक साधी वही ठेवावी. कोणत्या महिन्यात, किती वाव पाण्यात, कोणती मासळी अंडी धरलेली सापडली, पिले कोठे दिसली, जाळ्यात कासव आले काय व ते सोडून दिले काय, याची नोंद तारखेसह करावी. पाच वर्षांची अशी वही सुनावणीच्या वेळी तोंडी तक्रारीपेक्षा अधिक वजनदार ठरते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून तिने लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. किनारी गावांच्या नोंदवहीत केवळ झाडे व पक्षी न लिहिता खडपांची स्थानिक नावे, रापणीच्या जागा, कालवांची व तिसऱ्यांची पात्रे आणि कासवांच्या पुळणी यांचाही अंतर्भाव करावा. ज्या जागेला नावच नोंदलेले नाही, तिच्यावरील वहिवाट सिद्ध करणे पुढे कठीण जाते.

किनारा व्यवस्थापनाचे नकाशे प्रसिद्ध होतात तेव्हा ते गावाने बारकाईने पाहावेत. कांदळवन, खाजण वा कोळीवाडा चुकीच्या वर्गात दाखविला असल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी. मुदत टळल्यावर केलेली तक्रार बहुधा व्यर्थ जाते.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांचाही यात वाटा आहे. खारभूमीच्या बांधाबाहेरील कांदळवन भरतीचा जोर मोडते, बांधाचे रक्षण करते आणि कोळंबीच्या पिलांना आसरा देते. ते जळणासाठी वा कोळंबीच्या तळ्यांसाठी तोडू नये. कायद्यानेही तसे करण्यास मनाई आहे. कीटकनाशके पावसाची सर येण्यापूर्वी फवारू नयेत आणि रिकामे डबे पऱ्ह्यात धुऊ नयेत. शेतातले पाणी अखेर खाडीलाच मिळते.

पर्यटकांच्या नौका चालविणाऱ्यांनी प्रवाळांवर नांगर टाकू नये, पाहुण्यांना प्रवाळावर उभे राहू देऊ नये आणि पाण्यात पाव अथवा खाद्यपदार्थ टाकून मासे गोळा करू नयेत. ज्या सृष्टीमुळे पाहुणा येतो ती नष्ट झाल्यावर पाहुणाही येणार नाही.

वेळास गावाने या बाबतीत मार्ग दाखविलेला आहे. २००२ पासून तेथे कासवांची अंडी गोळा करून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत ठेवण्यात येतात व पिले समुद्रात सोडली जातात. पूर्वी अंडी चोरून नेली जात असत. आता ती पिले पाहण्यासाठी दूरवरून लोक येतात आणि गावातील घरांत उतरतात. तेथील पुळण सबंध वर्ष बंद केलेली नाही. काही महिने, काही जागा आणि काही कृत्ये एवढ्यांपुरताच निर्बंध आहे. निवड अचूक, प्रतवारी माफक आणि राखणदार गावचेच, या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून तो टिकला.

समुद्राला बांध घालता येत नाही आणि त्याचा सात-बाराही निघत नाही. तथापि कोणता भाग बियाण्याचा, कोणता रोपवाटिकेचा आणि कोणता नित्य पिकाचा, हे जाणून त्याप्रमाणे वागता येते. ज्या दिवशी किनाऱ्यावरील गाव आपल्या पाण्याचा नकाशा स्वतः वाचू लागेल आणि त्यात राहून गेलेली खडपे स्वतःच्या हाताने भरू लागेल, त्या दिवशी ‘राखीव’ या शब्दाची धास्ती उरणार नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पहिली नौका लोटताना जो भाव मच्छीमाराच्या मनात असतो, त्याला अशी राखण मुळीच परकी नाही.